शेऱ्याचा रकाना

बावीस वर्षं नदीकाठच्या मोजणीच्या खोलीत काढलेल्या या बाईंना कचेरीत सगळे पट्टीताई म्हणत. पुलाच्या खांबावर आकडे रंगवलेली लोखंडी पट्टी होती. पाणी तिच्यावर कुठवर आलंय ते सकाळ-संध्याकाळ वाचायचं आणि वहीत लिहायचं, हे त्यांचं काम. महिन्यातून दोनदा होडीवाले पाण्यात यंत्र सोडून प्रवाहाचा वेग घेत आणि सेकंदाला किती पाणी गेलं तो विसर्गाचा आकडा देत. ताईंची पातळी आणि होडीवाल्यांचा विसर्ग, अशा पाचशेवर जोड्या जमल्या होत्या.

ताई जरा अतीच करतात, असं मात्र सगळ्यांचं मत होतं. पातळी लिहून झाली की शेऱ्याच्या रकान्यात त्या काहीबाही लिहीत. 'वारा होता, पाणी ठरत नव्हते.' 'पट्टीवर शेवाळ, घासले.' 'चष्मा विसरले, म्हणून तीनदा वाचले.' होडीवाले त्याला नदीची रोजनिशी म्हणत आणि हसत.

निवृत्तीला तीन महिने उरले असताना नवे साहेब आले. अभियंता माणूस, हुशार, पण पायाला भिंगरी. पातळीवरून विसर्ग सांगणारं कोष्टक त्यांना नव्याने करायचं होतं. त्यांनी वह्यांतले आकडे संगणकावर चढवून घेतले, प्रत्येक जोडीचा एक ठिपका काढला आणि ठिपक्यांना धरून जाणारी भरपूर वळणांची रेषा मागितली. रेषा इतकी आज्ञाधारक निघाली की एकेका ठिपक्याचं मन राखता राखता पुराच्या पातळीला तिने विसर्ग शून्याखाली उतरवला, म्हणजे नदीच उलटी डोंगराकडे नेली. मग साहेबांनी साधी, एकसारखी चढत जाणारी वक्ररेषा बसवली. आता ठिपके तिच्या दोन्ही अंगांना पांगले. साहेबांनी निकाल देऊन टाकला: पातळीचं वाचन निष्काळजी, या वह्या कोष्टकातून वगळायच्या.

"मनावर घेऊ नका ताई. हाताने घेतलेल्या नोंदींचं असंच होतं," ते म्हणाले.

ताईंनी मनावर घेतलंच. तापात, चिखलात, लेकाच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा त्यांनी वाचन चुकवलं नव्हतं. त्यांनी साहेबांकडून त्या आकड्यांची संगणकातली फाईल मागून घेतली आणि रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर सुनेला तिच्या संगणकावर उघडायला लावली. सून कॉलेजच्या प्रयोगशाळेत होती, असल्या रेषा ती रोज बसवायची.

"बघ गं, बावीस वर्षं पाण्यात गेली म्हणतात."

"पाण्यातच होता ना तुम्ही, आई," सून हसली. पण पडद्यावरचे ठिपके पाहून पुढे वाकली. "हे पांगलेले वाटत नाहीत. थांबा, वर्षांप्रमाणे रंग देते."

जुनी वर्षं निळी झाली, नंतरची लाल. आणि मघाचा तो गोंधळ दोन नीट ओळींत उभा राहिला. निळी ओळ वर, लाल तिच्या थोडी खाली, अगदी हातात हात घालून चालल्यासारखी. नऊ वर्षांपूर्वीच्या पुरापासून रंग बदलत होता.

ताईंचा हात कपाळाकडे गेला. "अगं, ओंडका! त्या पुरात पट्टीवर ओंडका आदळला होता. पट्टी खचली होती. मी लिहिलंय."

"किती खचली?"

"आता आठवत नाही. वहीत बघते."

"नका बघू. संगणकालाच शोधू दे."

पट्टी खाली गेली म्हणजे आकडा तेवढा जास्त दिसणार, म्हणून सुनेने सूत्रात एक अज्ञात वाढवलं: पुरानंतरच्या वाचनातून किती वजा करायचं. कळ दाबली. पडद्यावर आकडा आला: ६.८ सेंटिमीटर.

ताईंनी त्या सालची वही उघडली. त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'ओंडका आदळला. घाटाच्या पायरीवरच्या खुणेच्या खिळ्याशी ताडून पाहिले, पट्टी ७ सेंटिमीटर खचली. कचेरीस कळवले.' दुरुस्तीला कोणी फिरकलंच नव्हतं. ताईंनी वही सुनेपुढे सरकवली. मग ताई पोटभर हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

आता दुरुस्त केलेले पाचशे ठिपके एकाच रेषेला चिकटून बसले होते.

सोमवारी साहेबांनी सगळं ऐकलं, वही वाचली, आणि तरी म्हणाले, "आज मोजून बघू." ताईंनी पट्टी वाचली, सात वजा केले, रेषेवर पाहिलं आणि चिठ्ठीवर 'विसर्ग ४१.५ घनमीटर' लिहून ती होडीवाल्याच्या खिशात घातली. साहेब स्वतः होडीत बसले. दोन तासांनी गुडघ्यापर्यंत भिजून परत आले.

"एकेचाळीस पूर्णांक नऊ," त्यांनी सांगितलं. होडीवाल्याने चिठ्ठी उघडून सगळ्यांना दाखवली, जणू ती त्यानेच लिहिली होती.

साहेब जरा वेळ बूट झाडत राहिले. मग म्हणाले, "ताई, आकडे चढवताना शेऱ्याचा रकाना मीच गाळायला सांगितला होता. वेळ वाचावा म्हणून. चूक माझी. कोष्टक तुमच्या वह्यांवरच होईल, आणि शेरे शब्दन् शब्द चढवले जातील."

"वेळ वाचला का मग?" ताईंनी विचारलं. होडीवाले तोंड फिरवून हसले, आणि मग साहेबही.

संध्याकाळी ताईंनी नेहमीसारखी पातळी लिहिली. शेऱ्याच्या रकान्याशी पेन क्षणभर थांबलं. मग त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'वारा नाही. पाणी स्थिर. वाचन बरोबर.'