मसुद्यात नसलेला पुकारा

कोर्टातल्या फायलीचा कधीतरी निकाल लागतो. किश्शांचा लागत नाही. मी तालुक्याच्या कोर्टातून क्लार्क म्हणून निवृत्त झालो, तेव्हा टेबल, कपाट, किल्ल्या, शिक्के, सगळं यादी करून सोपवलं. किस्से तेवढे कुणी चार्जमध्ये घेतले नाहीत. ते माझ्याबरोबर घरी आले.

आता ते एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर निघतात. तिथं आम्ही तिघं बसतो. एक मी. दुसरा दगडूभाऊ, आमच्याच कोर्टातला निवृत्त शिपाई. त्याने दारात उभं राहून नाव पुकारलं की स्टँडवरची कुत्री उठून बसायची. तिसरे बोरी बुद्रुकचे गुरुजी. शाळेपेक्षा निवडणुकीच्या ड्यूट्याच जास्त केल्या, असं त्यांचं स्वतःचं म्हणणं. विधानसभा, विधान परिषद आणि आमचं बाकडं, अशी राज्याला तीन सभागृहं आहेत. तिसऱ्याला भत्ता नाही, म्हणून ते बारा महिने चालतं!

मध्यंतरी पेपरात आलं, की साक्षीदार, कोर्टाच्या तारखा आणि मतदान यांबद्दल सरकारने काही प्रस्ताव काढलेत; लोकांनी हरकती आणि सूचना पाठवाव्यात. गुरुजींनी मोबाइलवर मसुदा उघडला आणि मला म्हणाले, "क्लार्क तुम्ही. लिहा."

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण पुढच्याच गुरुवारी हिराबाईची तारीख होती.

हिराबाई तळेघरच्या वरच्या अंगाला राहते, भात आणि नाचणी करते. बांधाच्या भांडणात कुणीतरी तिच्या मुलाच्या कानशिलावर मागून फावडं घातलं. त्याची एका डोळ्याची नजर गेली. मारणारा त्याला दिसला नाही. दिसला तो फक्त हिराबाईला. तिची साक्ष झाली नाही, तर त्या खटल्यात काही उरत नव्हतं.

* * *

मसुद्यातला पहिला प्रस्ताव : खोटी साक्ष देणाऱ्याला जास्त शिक्षा.

यावर दगडूभाऊने बोरीच्या एका म्हाताऱ्याची आठवण काढली. म्हातारा साक्षीला उभा राहिला. शपथ झाली. साहेबांनी समजावलं, "बाबा, खोटं बोललात तर शिक्षा होते, माहीत आहे ना?"

म्हातारा म्हणाला, "म्हाईत हाय की. पन खरं बोलल्याला किती हाय, ते बी सांगा. मला त्याच गावात ऱ्हायाचंय."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. हे उत्तर कुठल्या रकान्यात लिहायचं, ते मलाही आजवर सापडलेलं नाही.

* * *

दुसरा प्रस्ताव : कोर्टाच्या आवारात साक्षीदार आणि आरोपी यांना वेगवेगळं बसवावं.

"आवारात येगळं," दगडूभाऊ म्हणाला, "आन् जीपमधी?"

डोंगरातून यायला एसटी मोजक्या. तारखेला येते ती एकच जीप. फिर्यादी, आरोपी, साक्षीदार, सगळे तिच्यातच. जीप पंक्चर झाली की दोन्ही बाजू गैरहजर! आरोपी पुढे ड्रायव्हरशेजारी बसायचा, हिराबाई मागे, पिशवी मांडीवर घेऊन. पूर्ण घाट त्याच्या मानेकडे बघत ती यायची.

त्याच जीपमधल्या दोन भावांचा जमिनीचा दावा होता. साहेब एकदा वैतागले, "अरे, एका गाडीत येता, एका डब्यात जेवता, मग तडजोड का करत नाही?"

थोरला हात जोडून म्हणाला, "केली असती साहेब. पन आमी दोघं यायचं थांबलो तर जीपवाल्याचं शीट भरंना. त्यो म्हनतो, मंग गाडीच बंद करतो. बाकीच्यांच्या तारखांचं काय?"

* * *

तिसरा प्रस्ताव : मतदान सक्तीचं करावं. हे गुरुजींचं खातं.

एकदा त्यांना डोंगरातल्या वाडीचं केंद्र मिळालं. मतदार थोडे. सकाळी अकरापर्यंत जे गावात होते ते सगळे येऊन, शाई लावून घेऊन गेले. मग यंत्र, गुरुजी आणि एक पोलीस असे एकमेकांकडे बघत बसले. दुपारी एका घरातून भाकरी-पिठलं आलं. घेऊन येणारी आजी म्हणाली, "गुरुजी, झालं की सगळ्यांचं. जावा आता घरी."

"संध्याकाळपर्यंत थांबावं लागतं, आजी. कायदा आहे."

"कुनाची वाट बघताय?"

"राहिलेल्या मतदारांची."

"त्ये समदे पुन्याला ऱ्हात्यात. तिकडंच टाका की तुमचं टेबल!"

गुरुजी म्हणाले, "तेव्हा मी हसलो. नंतर मतदार यादी पुन्हा वाचली. अर्धी वाडी नुसती कागदावर राहत होती."

* * *

चौथा प्रस्ताव : साक्षीदाराला दोनपेक्षा जास्त वेळा परत पाठवू नये.

हा वाचून झाल्यावर गुरुजींनी मोबाइल बाकड्यावर पालथा ठेवला. माझ्याकडे बघायचंही दोघांनी टाळलं.

साक्षीदार हजर आहे का, हे ठरवायची कोर्टाची रीत साधी आहे. शिपाई दारात उभा राहून तीनदा नाव पुकारतो. कुणी उठलं नाही, तर क्लार्क रोजनाम्यात, म्हणजे रोजच्या कामाच्या नोंदीत, लिहितो : 'तीनदा पुकारा केला. गैरहजर.'

हिराबाई इतक्या तारखांना आली होती, की दगडूभाऊने तिला पुकारायचं सोडूनच दिलं होतं. दाराजवळच्या बाकावर ती बसलेली असायची. तो नुसती मान हलवायचा, की उठून आत यायची. आत आली की पुढची तारीख!

एके दिवशी दगडूभाऊला रेकॉर्ड रूममध्ये पाठवलं होतं. साहेब नवीन. त्यांनी विचारलं, "साक्षीदार?" आत कुणी उभं नव्हतं. माझ्या हाताला वळण पडलेलं. मी लिहिलं, 'तीनदा पुकारा केला. गैरहजर.' एकदाही पुकारा झालेला नव्हता. सरकारी बाजूचा पुरावा बंद झाला, म्हणजे हिराबाईची साक्ष राहूनच गेली.

हिराबाई दारापासून सहा पावलांवर बसली होती.

संध्याकाळी मी कुलूप लावत होतो, तेव्हा ती उठून जवळ आली. "बाबा, माजं नाव कवा घेनार?"

पुढे सरकारी वकिलांकडे जाऊन मी चूक लेखी कबूल केली. तिला पुन्हा बोलवावं असा अर्ज झाला, त्यावर हरकत आली, हरकतीवर तारखा पडल्या. अर्ज मंजूर होऊन गुरुवारची ही तारीख पडेपर्यंत मी निवृत्त झालो, दगडूभाऊ निवृत्त झाला, आणि हिराबाईला काठी लागली.

तर सूचना म्हणून मी एकच वाक्य लिहिलं : 'साक्षीदाराचे नाव तीन वेळा मोठ्याने पुकारण्यात यावे.'

गुरुजी म्हणाले, "अहो, हा नियम आहेच की!"

"आहे म्हणूनच पाठवा," दगडूभाऊ म्हणाला.

मोबाइलवर लगेच उत्तर आलं, 'आपल्या नावीन्यपूर्ण सूचनेबद्दल आभार.'

* * *

गुरुवारी आम्ही तिघंही कोर्टात जाऊन बसलो. जीप वेळेवर आली. आरोपी पुढून उतरला, हिराबाई मागून. ती त्याच बाकावर बसली, काठी भिंतीला लावून.

दुपारी नवा शिपाई दारात आला. पोरगा चांगल्या आवाजाचा होता.

"हिराबाई सखाराम!"

हिराबाई हलली नाही.

"हिराबाई सखाराम!"

ती समोर बघत बसलेली. आत साहेबांनी मान वर केली. क्लार्कने पेन उचललं. मी त्या पेनाकडेच बघत होतो.

"हिराबाई सखाराम!"

दगडूभाऊला राहवलं नाही. "अगं आजी, ऊठ! तुलाच बोलावत्यात! ऐकू येत न्हाई का?"

हिराबाईने सावकाश काठी घेतली, पदर सारखा केला आणि उठली.

"पयल्यालाच आलं की ऐकू," ती म्हणाली. "पन तिन्ही व्हऊ दे म्हनलं."