पॉप्लरला टांगलेला फाळ

पो नदीवर पूल झाला आणि आर्जियाची नाव बसून राहिली. नवऱ्यामागे एकतीस वर्षं तिनेच वल्ही मारली. पलीकडच्या काठावर पॉप्लरच्या झाडाला नांगराचा जुना फाळ टांगलेला. ज्याला यायचंय त्याने तो वाजवायचा, की अलीकडून आर्जिया ओरडणार, "आर्रीवो!" म्हणजे, आलेच. तेवढं ऐकलं की माणूस निवांत टेकायचा.

पाद्रीबाबांनी तिला एकदा सांगितलं होतं, या शब्दाच्या पोटात ‘रीपा’ आहे, नदीचा काठ. काठाला लागणं, एवढाच त्याचा मूळ अर्थ. म्हणजे शब्द नावाड्यांचा, जगाने उचलला. आता आगगाडीही ‘आर्रीवारे’ करते, म्हणजे पोचते, आणि खानावळीतला वेटर ‘आर्रीवो’ म्हणून अर्धा तास फिरकत नाही.

"शब्द आमचा नेला, आणि आम्हालाच विसरले," आर्जिया म्हणायची. ऐकायला फक्त मांजर.

शरदात नगरपालिकेचं पत्र आलं. नोव्हेंबरातल्या सान मार्तीनोच्या सणापर्यंत पलीकडून कुणी बोलावलं नाही, तर नाव बंद. पुलाची फीत कापायला आलेल्यांपैकी एकालाही नावेत बसावंसं वाटलं नव्हतं; ते आता बोलावणं मागत होते! चुलीवर मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळतानाही आर्जियाचा एक कान नदीकडे असे. फाळ मुका तो मुकाच.

सणाच्या सकाळी दाट धुक्यात तो वाजला. एकदा, पुन्हा एकदा.

"आर्रीवो!" चुलीवरचं तसंच टाकून ती धावली.

पलीकडे शिडीवर ओरेस्ते होता, नगरपालिकेचा कामगार. हातात पाना.

"बस," ती म्हणाली.

"मावशी, मी बोलावलं नाही. फाळ काढतोय. हुकूम आहे."

"वाजला ना? मी आले ना? तुझं वऱ्हाड याच नावेतून नेलं, तेव्हा बरा बसलास."

"गाडी आहे माझी इथं."

"परत आणून सोडीन."

ओरेस्तेने मान खाली घातली. "साहेबांनी नऊच्या आत परत बोलावलंय, मावशी. नाही जमणार."

"मग एवढं कर. मी पोचले की एकदा वाजव. मग ने."

तो बरं म्हणाला.

ती निघाली. समोरचं बाक रिकामं. अर्ध्या नदीत असताना मागे गाडी सुरू झाल्याचं ऐकू आलं, मग आवाज पुलाच्या दिशेने विरत गेला. तिने वल्ही थांबवली नाहीत. काठाला लागल्यावर दोर बांधला आणि पलीकडे कान देऊन बराच वेळ उभी राहिली.