विंचू कुठवर उतरला

लग्न होऊन सेनगावाकडच्या या गावात आले तेव्हा मला भाकरी धड थापता येत नव्हती, पण विंचू उतरवता येत होता. आईनं शिकवलेला. आघाड्याची मुळी मांडीपासून पायाच्या बोटापर्यंत फिरवायची, ओठातल्या ओठात पुटपुटायचं आणि मधून मधून विचारायचं, "कुठवर उतरला?" माणूस सांगायचा गुडघ्यापर्यंत, मग घोट्यापर्यंत, मग "उतरला समदा." त्या माणसाच्या हातचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, नाहीतर हातचा गुण जातो. मी तहानेनं व्याकूळ, पण मान ताठ! सासू करपलेल्या भाकरीवरून बोलायला लागली की दारात कुणीतरी लंगडत यायचं आणि तिला तोंड मिटावं लागायचं. त्या विंचवांचे माझ्यावर फार उपकार. तेव्हाची मी, ती तोऱ्यातली देवी, आज रस्त्यात भेटली, तर मी तिला आधी पाणी पाजीन आणि मग चांगली झापीन.

यंदा सोयाबीनच्या काढणीत माझ्या लहानग्या नातीला गंजीखालचा लाल विंचू चावला. भरदुपारी. मी मुळी घेऊन आले, तोवर लेकानं मोटारसायकल सुरू केली होती आणि सून पोरीला मधे धरून मागं बसली होती.

"अगं, जराशीक थांब की! आत्ता उतरवते."

"आत्याबाई, तुमी जीपनं या मागून."

गाडी गेली. मुळी माझ्या हातात तशीच. मला असं तोंडावर कुणी कधी नाकारलं नव्हतं. हिंगोली येईपर्यंत जीपमधे माझं मनातल्या मनात सुनेचं माहेर, तिचं दहावीपर्यंतचं शिक्षण, सगळं उद्धारून झालं.

लेकरांच्या दवाखान्यात पोरगी खाटेवर गप्प पडलेली. रडणं नाही, ओरडणं नाही. मी तिच्या कानाशी वाकले.

"कुठवर उतरला गं?"

"दुखतच न्हाई आता, आजी."

मी सुनेकडं असं पाहिलं की बस. मग नातीचा हात हातात घेतला. विहिरीतल्या दगडासारखा गार. कपाळावर मात्र घाम.

डॉक्टरीणबाईंनी चाकावरचं एक मशीन खाटेपाशी ढकलत आणलं. पोरीच्या छातीवर चिकट काहीतरी लावलं आणि एक आखूड दांडी टेकवून हळूहळू फिरवायला लागल्या. माझ्या मुळीसारखीच, पण पुटपुटणं नव्हतं. पडद्यावर काळंपांढरं काहीतरी हलायला लागलं.

"आजी, हे हिचं हृदय. मुठीसारखं घट्ट मिटायला हवं. हे नुसतं थरथरतंय."

"आवो पण दुखत तर न्हाई तिला!"

"त्याचीच भीती असते. या विंचवाचं विष अंगात भिनलं की चावलेल्या जागी बऱ्याचदा फार दुखत नाही. मार हृदयावर बसतो."

लेक म्हणाला, "मॅडम, मोठी सलाईन लावा ना. ताकद येईल तिला."

"आत्ता जास्त पाणी दिलं तर हे हृदय ते पेलणार नाही. फुफ्फुसात साठेल." त्यांनी पडद्याकडं बघत सलाईनचे थेंब कमी केले आणि हृदयाचं औषध सुरू केलं.

मी भिंतीला टेकून बसले ती बसलेच. 'उतरला समदा' म्हणून किती लेकरं माझ्या दारातून घरी निजायला गेली होती! त्यातलं एखादं सकाळी उठलं नाही की लोक म्हणायचे, दुसरंच काही बाधलं असेल, इच्चू तर बराबर उतरला होता. आणि देवीही पदर सावरून मान हलवायची.

मशीन पुन्हा पुन्हा खाटेपाशी येत राहिलं. आता मी पोरीला नाही, डॉक्टरीणबाईंना विचारायची, "कुठवर आलं?" त्या नुसती मान हलवायच्या. शेवटी एकदा म्हणाल्या, "मूठ मिटायला लागली, आजी." तेव्हा सून पहिल्यांदा रडली.

पोरगी घरी आली आणि गाव गोळा झालं. "आजीच्या हाताचा गुण!"

"आरे, मी हात बी लावला न्हाई तिला."

"बघा, मोठेपणा बी घेत न्हाईत."

सून सगळ्यांना चहा देत फिरत होती. तिच्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही.

आणि परवा वस्तीवरचा एक मेंढरंवाला पोराला खांद्यावर टाकून आला. पोरगं ओकत होतं, हात गार. म्हटलं, दवाखान्यात ने. तर अंगणात फतकल मारून बसला.

"नातीचा उतरवला, मंग माझ्याच लेकराचा काहून न्हाई?"

मशीन सांगितलं, मूठ सांगितली. ढिम्म हलला नाही. मग मी मुळी काढली, पोराच्या पायावरून एकदाच फिरवली आणि डोळे मिटून म्हणाले, "अर्धाच उतरला. बाकीचा छातीत बसलाय. हिंगोलीला छातीवर मशीन फिरवल्याबिगर मंतर पुरा होत न्हाई. आन वाटेत कुठं थांबलास, तर गुण गेला!"

ताडकन उठला. लेकानं दोघांना गाडीवर घेतलं आणि धुरळा उडाला. खरं सांगत होते तोवर दगड झालेला माणूस खोटं ऐकून पळाला.

त्याचं पोरगं वाचलं. काल तो पाया पडायला आला, दोन वस्त्यांवर सांगून आला म्हणे, म्हातारीचा मंतर पक्का. म्हणजे ही मुळी आता मरेपर्यंत माझ्या हातातून सुटत नाही.

मी त्याच्याकडं पाणी मागितलं आणि त्याच्या देखत तांब्याभर प्याले. तो हसला. त्याला वाटलं, म्हातारी चेष्टा करून राहिली.