मास्तरांची वरात

मास्तरांना हळू चालणारा माणूस सहन होत नसे. तो माणूस मी असले, तर अजिबातच नाही. त्यांनी उभा जन्म लग्नाच्या बँडपुढे क्लॅरनेट वाजवलं होतं. अडून बसलेली वरात पुढे कशी न्यायची, एवढंच आपल्याला येतं, असं ते सांगायचे. "नाचणाऱ्याले 'चला, चला' म्हणून काई होत नाई बाई. चाल बदलली का पाय आपोआप निघते."

माझा गुडघा बदलला, तेव्हाची गोष्ट. ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये मी पलंगाला चिकटून बसले होते. चालला नाहीत तर पाय असाच आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मुलीनं मोबाईलमध्ये पावलं मोजणारं अ‍ॅप टाकून दिलं. ते दिवसभर टुणटुण करून लाज काढायचं, म्हणून मी त्याचा आवाजच बंद केला. शाळेत शिकवायला जाणं सुटलं, बाजार सुटला. आता उंबऱ्याच्या आतच जन्म जाणार, या भीतीनं मी रडायची आणि तरी उठायची नाही. आहेच मी आडमुठी.

मास्तर समोरच्या ब्लॉकमध्ये मुलाकडे राहत. ईदचा डबा घेऊन आले आणि जाताना माझा मोबाईलच घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी परत केला, तर त्यात त्यांनी स्वतः वाजवलेलं क्लॅरनेट! माझं फाटक ते पाण्याची टाकी आणि परत, हे अंतर त्यांनी माझ्यासारखं लंगडत चालून पाहिलं होतं म्हणे. आधी संथ चाल, टाकीनंतर जरा उचललेली, आणि शेवटी वरात मांडवाच्या दारात पोचल्यावर वाजवतात ती धून. तिच्या थोडं आधी त्यांचा खोकलाही त्यात आला होता.

"ही धून तुमच्या फाटकावर वाजली पाह्यजे," ते म्हणाले. "रस्त्यात वाजली तं वरात फसली."

पहिल्या दिवशी ती वाजली, तेव्हा मी टाकीच्या कट्ट्यावर काठी टेकून बसले होते.

"नवरदेव मांडवात अन् वऱ्हाड टाकीवर!" मास्तर मागून ओरडले. "बसल्या काऊन?"

"पाय दुखतोय माझा!"

"दुखून राह्यला म्हणूनच तं वाजवलं!"

असा संताप आला की त्या रागातच मी घरापर्यंत चालत आले. मग रोज तेच. धून कधी वळणावर गाठायची, कधी चार घरं अलीकडे. पावसाळा सरला आणि एका संध्याकाळी मी फाटकाची कडी काढली, तेव्हाच ती सुरू झाली. गॅलरीतून मास्तर म्हणाले, "काठी अजून हातातच हाये." कौतुक म्हणून नाही!

पुढे त्यांच्या मुलाची बदली झाली आणि मास्तर मुलचेऱ्याला लेकीकडे राहायला गेले. मला फार चुकल्या-चुकल्यासारखं झालं. मोबाईल होता, ओरडणारं माणूस नव्हतं.

या दिवाळीच्या सुट्टीत मी एसटीनं मुलचेऱ्याला गेले. त्यांच्या लेकीनं फोनवर रस्ता सांगितला होता, पण किती लांब ते विचारायचं राहून गेलं. स्टँडवर उतरून मी क्लॅरनेट लावलं, अगदी मोठ्या आवाजात. दुकानांतले लोक बघत होते, बघेनात का. गल्लीत शिरले आणि मोबाईलमधला मास्तरांचा खोकला आला. आता धून वाजायला थोडंच उरलं होतं. मी पाय उचलले. घर आलं आणि धून सुरू झाली.

मास्तर आधीच दारात उभे होते. माझ्या हातांकडे बघत म्हणाले, "काठी कुठी?"

"घरीच राहिली."

त्यांनी डोळे पुसले आणि आत हाक दिली, "चाय ठेव बेटा, वरात आली."