संगणकाला पितृपक्ष शिकवताना

आमच्या घरात माझ्याविषयी जे किस्से सांगितले जातात, त्यांत बहुतेक वेळा मूर्ख मीच असतो. हाही त्यातलाच. फरक इतकाच, की हा मी स्वतः सांगतो, म्हणजे निदान घटनांचा क्रम तरी बरोबर राहतो.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. पुण्यातल्या एका कारखान्यात मी प्लॅनिंगला होतो. आम्ही साखर कारखान्यांसाठी बॉयलर बनवायचो. पत्रा कधी कापायचा, वेल्डिंगला किती दिवस, माल गेटबाहेर कधी पडणार, हे सगळं मी एका लांबलचक कागदावर शिसपेन्सिलीने मांडायचो आणि दर सोमवारी खोडायचो. वीस वर्षांत मांडण्यापेक्षा खोडण्यात माझा हात जास्त बसला होता.

बाजार खुला होऊन काही वर्षं झाली होती. कंपनीत परदेशी भागीदार आला आणि त्याच्या पाठोपाठ एक सॉफ्टवेअर आलं. आमचा कारखाना, बडोद्याचा आणि तिकडे दक्षिणेतला, तिन्हींची कामं एकाच पडद्यावर दिसणार. साहेबांनी आम्हा प्लॅनिंगवाल्यांना बोलावून सांगितलं, "ऑगस्टअखेर ज्याला आपलं काम यावर चालवून दाखवता येईल, तो इथे. ज्याला नाही, त्याची स्टोअरला बदली." स्टोअर म्हणजे चाकणच्या पुढे माळावरची पत्र्याची शेड. मी राहायला धायरीला, पुण्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होतो आणि आधीच दमलेलो होतो.

शिकवणी रोज जेवणानंतर, एसी खोलीत. एसी आमच्यासाठी नव्हता, संगणकांसाठी होता. त्यांना धूळ लागू नये म्हणून आम्ही बूट बाहेर काढून देवळात शिरल्यासारखे आत जायचो. माझ्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला असायचा. शिकवायला एक पंचविशीची मुलगी यायची, सॉफ्टवेअर कंपनीची. ती मला सर म्हणायची, मी तिला मॅडम. पोटभर पोळीभाजी, वरून गार वारा आणि पडद्यावर निळ्या पट्ट्या. पहिला आठवडा मी डोळे उघडे ठेवणं एवढंच शिकलो.

"सर, माउस उचलू नका, सरकवा."

"सरकवतोय, पण टेबल संपलं."

"मग उचलून परत मागे ठेवा."

"आत्ताच तर म्हणालात उचलू नका."

घरी येऊन हे सांगितलं तर बायको म्हणाली, "अहो, बिचारीला त्रास नका देऊ. तुम्हाला शिकवायचं म्हणजे काय, हे मला विचारा म्हणावं."

दुसऱ्या आठवड्यात मात्र एक गोष्ट मला जमली. त्या सॉफ्टवेअरला वाटायचं की जगाला शनिवार-रविवार सुट्टी असते. आमच्या भागात कारखान्यांची वीज गुरुवारी बंद, म्हणून सुट्टीही गुरुवारची. त्यामुळे त्याने काढलेली प्रत्येक तारीख चुकत होती, आणि हे खोलीतल्या कुणाच्या नाही, माझ्या लक्षात आलं. मॅडमनी आमच्या कारखान्याचं कॅलेंडर उघडून शनिवार-रविवार कसे चालू करायचे आणि गुरुवार कसा बंद करायचा ते दाखवलं. मी तो बंद केला, आणि सगळ्या निळ्या पट्ट्या शिस्तीत सरकून जागेवर बसल्या. "सर, तुम्ही खूप फास्ट शिकताय," त्या म्हणाल्या. शाळेनंतर मला असं कुणी म्हटलं नव्हतं. तिथेच घात झाला.

दुसऱ्या दिवशी मॅडम आपला पासवर्ड टाकून चहाला गेल्या. मी त्यांच्या खुर्चीवर बसलो. मनात आलं, गुरुवार कळला तर याला बाकीचंही कळलं पाहिजे. आमचा बॉयलर पितृपक्षात गेटबाहेर पडत नाही. असा नियम कुठेच लिहिलेला नाही. पण घेणारा घेत नाही. एकदा पाठवून बघितला होता. ट्रक साखर कारखान्याच्या फाटकाबाहेर तेरा दिवस उभा राहिला. चेअरमन नारळ फोडायला तयार होईनात, आणि ड्रायव्हर ट्रकखाली स्टोव्ह मांडून भात शिजवत बसला. तेव्हापासून मी कागदावर तो पंधरवडा गुपचूप मोकळा सोडायचो. आता तो मी पंचांगातून बघून कॅलेंडरमध्ये बंद केला. पट्ट्या सरकल्या. मी बूट घालून समाधानाने जागेवर गेलो.

अर्ध्या तासात साहेबांचा फोन वाजू लागला. मी बंद केला होता तो आमचा पंधरवडा नव्हता, तिन्ही कारखान्यांचा होता. मॅडमच्या पासवर्डवर उघडलेलं कॅलेंडर तिन्हींचं सामायिक होतं. बडोद्याची सगळी कामं पंधरा दिवस पुढे गेली होती, दक्षिणेतलीही, आणि परदेशी भागीदाराला आपोआप निरोप गेला होता की भारतातलं काम सप्टेंबरात थांबणार आहे. कारणाच्या रकान्यात मी माझ्या हाताने टाइप केलेला शब्द होता: पितृपक्ष.

साहेबांच्या केबिनमध्ये मॅडम आधीच उभ्या होत्या, रडवेल्या. चूक माझी, पासवर्ड त्यांचा. त्यांची नोकरी माझ्यापेक्षा कोवळी होती. मी सांगून टाकलं की मी केलं, त्यांना माहीत नव्हतं.

"तुम्ही देशाची सुट्टी जाहीर केलीत," साहेब म्हणाले. "एवढा अधिकार पंतप्रधानांनाही नाही."

माझ्या डोळ्यांपुढे चाकणचा माळ.

"आणि त्या दिवसांत माल खरंच जात नाही?"

मी पाठवणीचं रजिस्टर आणून दाखवलं. दहा वर्षांचे पितृपंधरवडे. फक्त एक नोंद, त्या भात शिजवणाऱ्या ट्रकची. साहेब बराच वेळ पानं उलटत राहिले. मॅडम हळूच म्हणाल्या की फक्त पाठवणीच्या कामापुरतं वेगळं कॅलेंडर करता येतं, बाकी कुणाला धक्का लागत नाही.

"करा. कारण मात्र 'वाहतुकीची अडचण' असं लिहा. पुढच्या वर्षी हे आपोआप येईल ना?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

"नाही साहेब," मी म्हणालो. "पंधरवडा दरवर्षी हलतो. दहा-अकरा दिवस मागे येतो, आणि अधिक महिना आला, की एकदम पुढे जातो. पंचांग बघून भरावं लागेल."

"कोण भरणार?"

साहेबांनी रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. माझी बदली तिथे, त्या सरकवण्यात रद्द झाली. सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता. मला फक्त खाली बसावंसं वाटलं.

संध्याकाळी निघायच्या तयारीत होतो, तर दक्षिणेतल्या कारखान्यातून फोन. तिकडचे प्लॅनिंगवाले. मला वाटलं, आता यांच्या शिव्या. पण आवाज अगदी अदबीचा होता. तोडक्या हिंदीत म्हणाले, दुपारचा प्रकार कळला. आमच्याकडे आडी नावाचा महिना असतो. त्यात कुणी नवीन यंत्र घेत नाही. आम्ही इतकी वर्षं नुसतं मनात धरून चालतो. तुम्ही आमचाही भरून द्याल का? आणि बडोदेवाले विचारतायत, मकरसंक्रांतीच्या आधीचा त्यांचा एक महिना आहे, तोही.

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, कागद ओढला आणि म्हणालो, "हां, बोलिए. कब से कब तक?"