दुर्गाचे भासरे रंगमंचावर येतात

मे महिन्यात विदर्भात कोण जाते, असे मला नाशिकमध्ये इतक्या जणांनी विचारले की शेवटी मी उत्तर देणे सोडले आणि पाण्याच्या दोन बाटल्या जास्त घेतल्या. माझी मैत्रीण कुंदा लग्न होऊन गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावला गेली, त्याला बरीच वर्षे झाली. ती तिथल्या शाळेत शिकवते आणि सुट्टीत गावातल्या बायकांना जमवून काहीतरी उद्योग करत असते. यंदा तिने नाटक बसवायला घेतले होते. मी नाशिकमधल्या एका हौशी नाटकमंडळीत कपडे आणि सामान सांभाळते. "नुसती पाहुणी म्हणून येऊ नकोस, सुईदोरा घेऊन ये," असा तिचा फोन आला, म्हणून निघाले.

गोंदिया स्टेशनवर सगळा कारभार हिंदीत. पोहेवाल्याने "दीदी, तर्री डालूँ?" असे विचारले, मी "घाला" म्हटले, आणि त्याने घातली. इथे दोन्ही भाषा एकाच बशीत चालतात. तिथून दक्षिणेकडे जाणारी पॅसेंजर पकडली. खिडकीबाहेर कापणी होऊन गेलेल्या धानाच्या बांध्या (चारी बाजूंनी मातीचा बांध घातलेले शेताचे तुकडे) भाजून पडल्या होत्या. जिथे तलावाचे पाणी पोचते तिथे मात्र उन्हाळी धान हिरवेगार उभे होते. मध्ये जंगल, पुन्हा बांध्या, पुन्हा जंगल.

समोर एक बाई टेंभरांची टोपली मांडीवर घेऊन बसली होती. टेंभरे म्हणजे तेंदूची पिवळी, चिकूसारखी गोड फळे. तिने मला दोन दिली आणि चौकशी सुरू केली.

"कोनाच्या घरी जाऊन राहिल्या जी?"

"अर्जुनीला, मैत्रिणीकडे. तिथे नाटक आहे."

"आता? नाटक त दिवाळी झाल्यावर राहाते."

"यंदा उन्हाळ्यात आहे. बहुतेक कामे बायकाच करणार आहेत."

"कोनत्या गावच्या बाया आनल्या?"

"अर्जुनीच्याच."

तिने टेंभराची बी खिडकीबाहेर टाकली. "गावच्याच बाया? बाप्पा! मंग पाहाले कोन राहीन?"

तिचे आश्चर्य मला नंतर कळले. हा झाडीपट्टीचा मुलूख. धान घरात आले की इथे गावोगाव नाटके होतात, मांडवात हजारांनी माणसे बसतात. पुरुष पात्रे गावातली असली तरी स्त्री पात्रे बाहेरून, मानधन देऊन आणायची, असा रिवाज आहे. बाहेरची बाई गावासमोर गाते, रडते, नायकाला मिठी मारते; गाव टाळ्या वाजवते. गावातल्या सुनेने तोंडाला रंग लावायचा, हे मात्र कोणाला सुचलेले नव्हते.

उन्हाळ्यातली अर्जुनी दुपारी मेल्यासारखी पडून असते आणि उन्हे उतरली की एकदम वाजू लागते. बाजारामागच्या मोकळ्या जागेत लग्नाच्या बँडवाल्यांचा सराव चालतो. मंदिरात पेटी शिकणारी मुले तेच चार सूर पुन्हा पुन्हा काढत असतात. शाळेच्या ओट्यावर एक म्हातारे गायक पोरांना दंडार (गाणे, नाच आणि सोंगे असलेले इथले जुने लोकनाट्य) शिकवत होते. एक पोरगी ताल चुकली तर म्हणाले, "पाय तुह्याच आंगाले लागले आहेत ना?" आमची तालीम आतल्या वर्गात. सकाळी शक्य नव्हते, कारण निम्म्या बायका पहाटे तेंदूपत्ता तोडायला जंगलात जात आणि मग घरी बसून पानांचे पुडे बांधत. तालमीला येताना त्यांच्या बोटांवर पानांचा काळा राप असे.

नाटक साधे होते. गावची बोडी (छोटा तलाव) बुजवून सरपंचाला दुकानगाळे बांधायचे असतात आणि एक बाई भर ग्रामसभेत त्याला अडवते. त्या बाईचे काम दुर्गाकडे होते. पस्तिशीची, उंच, खणखणीत आवाजाची. तिचे भासरे (नवऱ्याचा थोरला भाऊ) माणिकभाऊ हे गावच्या नाटकांतले कायमचे नायक. धानाची शेती आणि खताचे दुकान सांभाळून हिवाळाभर रंग लावणारे. बाहेरून आलेल्या नट्यांचे जेवणखाण आणि नटणे दरवर्षी त्यांच्याच घरी होई.

"त्यायच्या वेण्या मी घातल्या," दुर्गा मला म्हणाली. "साड्या मी इस्त्री केल्या. मांडवात मात्र बसाचं मागं, बायाईत. एकदा तरी समोर उभं राहाव म्हटलं."

"घरून परवानगी आहे?"

"भासरे म्हनाले, उन्हाळ्यात कोन पाहाते, करू द्या. अना त्या दिवशी ते नागपूरले जानार हायेत."

त्यांनी नागपूरला का जायचे, ते मला त्यांच्या घरी जेवायला गेल्यावर समजले. लाखोरीच्या डाळीचे वडे, भात आणि झिंग्यांचा रस्सा होता. मी तिसरा वडा घेत असताना फाटकाशी कोणी मोठ्याने खाकरले. दुर्गाचा हात आपोआप डोक्यावरच्या पदराकडे गेला आणि ती दाराआड झाली. माणिकभाऊ आत आले. धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्याला तोंड दाखवायचे नाही आणि दोघांनी एकमेकांशी बोलायचे नाही, ही त्या घरची रीत. दुर्गाच्या लग्नापासून दोघांत एक शब्द झालेला नव्हता. मधे जाऊबाई, मंदाबाई.

"तिले सांग, पाहुनीले चाय ठेव," माणिकभाऊ मंदाबाईंना म्हणाले.

"त्यायले सांगा, दूध फाटलं," दोन हातांवरून दुर्गा म्हणाली.

मंदाबाईंनी भाताचे पातेले खाली आपटले. "आइकलं ना दोघाईनं? मी काय टेलिफोन हावो?"

प्रयोग चार दिवसांवर आला आणि सरपंचाचे काम करणारे गुरुजी काविळीने आडवे झाले. गावात लग्नांची धामधूम, नट म्हणावे असे सगळे वरातीत. मोकळा, पाठांतराचा आणि आवाजाचा माणूस एकच उरला. कुंदा मला घेऊन त्याच्या दुकानात गेली. खताच्या पोत्यांवर मंदाबाई डबा घेऊन बसल्या होत्या.

"किती प्रवेश?" माणिकभाऊंनी विचारले.

"तीन."

"टाळीचं वाक्य हाये?"

"आहे. दोन."

"मंग नागपूरचं पुढं पाहू." ते खुलले. "समोर कोन हाये?"

कुंदाने मंदाबाईंकडे पाहिले. मंदाबाईंनी डब्याचे झाकण लावले. "घरचीच हाये. बोला आता."

माणिकभाऊंनी गमछा झटकला, खांद्यावर टाकला आणि ते गोदामात निघून गेले.

दुर्गाला आम्ही सांगितले तेव्हा ती अंगणात पाने जुळवत बसली होती. तिने हातातला पुडा तसाच ठेवला. "मंग मी नाई करत."

"तू नाही म्हणालीस तर नाटकच होत नाही," कुंदा म्हणाली.

"अना हो म्हटलं त घर होत नाई."

नाशिकमध्ये मी अशा वेळी लांबलचक बोलणारी माणसे पाहिली आहेत. ती नंतर आपापल्या घरी जातात. मीही पाच दिवसांनी जाणार होते, म्हणून तिच्या शेजारी बसून पाने जुळवू लागले. मला एकही पुडा धड जमला नाही.

संध्याकाळी माणिकभाऊंचा निरोप आला, "काम करतो." मागोमाग दुर्गाचा आला, "करीन. पन पदर घेऊन."

तालीम बघण्यासारखी होती. सरपंच कुंदाकडे बघून दरडावत होता आणि दुर्गा भिंतीवरच्या माणसाच्या सांगाड्याच्या तक्त्याला जाब विचारत होती. दोघे एकाच खोलीत वेगवेगळ्या माणसांशी फोनवर भांडत असावेत तसे. कुंदाने कपाळाला हात लावला. बाकीच्या बायका तोंडात पदर कोंबून हसत होत्या. एक म्हणाली, "दुर्गे, त्या हाडकाले नको पुसू, बोडी त्यानं नाई बुजवली!"

प्रयोगाच्या दिवशी सकाळी डोके थंड करायला कुंदाने मला बसने नवेगाव बांध या गावी नेले. एवढा मोठा तलाव मी पहिल्यांदाच पाहिला; पलीकडचा काठ म्हणजे झाडीची निळी रेघ. कोळी जाळी काढत होते. त्यांतल्या एकाने विचारले, "आज माणिकभाऊ आपल्या भावसुनेसंगं नाटकात हाये म्हनतात, खरं काय?" बातमी आमच्या आधीच्या बसने आली होती. तो म्हणाला, "आमी येतो. नाटक पाहाले नाई, त्या दोघाईले पाहाले."

बाजारचौकात संध्याकाळी सात वाजता माणसे मावेनात. कपडेपट माझ्याकडे. दुर्गाला पहिल्या प्रवेशात डोक्यावर चिखलाचे घमेले घेऊन वावरायचे होते आणि पदर सारखा घसरत होता, म्हणून मी तो खांद्यावर पक्का टाचला. दोन पिना आणि वर चार टाके. माझ्या दृष्टीने काम संपले.

पहिले दोन प्रवेश ठीक गेले, त्यांत दोघांची गाठ नव्हती. तिसरा ग्रामसभेचा. दुर्गा मधोमध, बायका मागे. पडद्याआडून सरपंच निघाला आणि रंगमंचावर पाऊल टाकताना, घरात शिरताना करतो तसा, मोठ्याने खाकरला.

ते संहितेत नव्हते. दुर्गाचा हात पदराकडे गेला. तिने ओढला, पदर आला नाही. पुन्हा ओढला. माझे टाके चांगले असतात.

गर्दीला कळायला वेळ लागला नाही. आधी बायकांच्या बाजूने हसू फुटले, मग सगळीकडून. माणिकभाऊ जागच्या जागी थिजले आणि मान दुसरीकडे वळवून उभे राहिले. दुर्गाचा हात खांद्यावर तसाच होता. मला वाटले, ही आता पळणार. मी विंगेत कात्री शोधू लागले. टाके कापून पदर मोकळा करायचा की तिला आत ओढायचे, ते ठरत नव्हते.

दुर्गाने हात खाली घेतला. भासऱ्यांच्या तोंडाकडे सरळ पाहिले आणि म्हणाली, "सरपंच, खोकलू नका. हे तुमचं घर नाई, ग्रामसभा हाये."

चौक उसळला. माणिकभाऊंची मान हळूहळू परत आली. बरीच वर्षे रंगमंचावर काढलेला माणूस, हसणे ओसरेपर्यंत ते थांबले, आणि मग तिच्याकडेच बघत, आपल्या भारी आवाजात म्हणाले, "ग्रामसभा हाये त बोल. आइकाले आलो मी."

पुढचे सगळे संहितेप्रमाणे झाले. ती बोलली, त्यांनी ऐकले, त्यांनी दरडावले, ती मागे हटली नाही. बोडी वाचली. मी सगळा वेळ विंगेत कात्री हातात धरून उभी होते.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने मी परतणार होते. सकाळी निरोप घ्यायला आम्ही त्यांच्या घरी गेलो. नवेगावकरांनी त्यांच्या गावी प्रयोग मागितला होता आणि दुर्गाचा नवरा सुरेश तेच सांगत होता. माणिकभाऊ बाजेवर बसले होते. दुर्गा चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली, डोक्यावर पदर. तिने कप ठेवला आणि वळली.

"पब्लिकले पाठ दाखवत जाऊ नको," माणिकभाऊ म्हणाले.

मंदाबाईंचा हात पिठात थांबला. हे त्यांच्यासाठी नव्हते.

दुर्गा थांबली. बोलावे की नाही, हा प्रश्न तिच्या तोंडावर दिसत होता. मग म्हणाली, "तुमी मधात येऊन उभे राहता. मंग मी काय झाडावर चढू?"

"सरपंच मधातच राहाते."

"तिसऱ्या प्रवेशात सरपंच हारते. हारलेला मानूस बाजूले राहाते."

"असं लिहलं हाये का?"

"मास्तरीणबाईले पुसा."

दोघांनी कुंदाकडे पाहिले. कुंदाने शहाणपणाने चहात तोंड घातले. मंदाबाई पीठ मळू लागल्या. "चाला," त्या कोणाला उद्देशून नव्हे असे म्हणाल्या, "माह्या टेलिफोन कटला."

गाडीत बसल्यावर मला भूक लागली आणि त्यांनी बांधून दिलेले वडे काढले. खाता खाता एवढेच मनात आले की आमच्या मंडळीत प्रयोगानंतर आम्ही एकमेकांना "छान झालं" म्हणतो आणि घरी जातो. वर्षानुवर्षे न बोललेल्या त्या दोघांना पहिले वाक्य कौतुकाचे सुचले नाही, हे मला बरे वाटले. कौतुकाला उत्तर द्यावे लागत नाही. तक्रारीला द्यावे लागते, मग तिकडून पुन्हा येते.

नवेगावच्या प्रयोगाला मी नव्हते. कुंदाने फोनवर कळवले की प्रयोग झाला. आता हिवाळ्यातल्या मोठ्या नाटकासाठी बाहेरून बाई आणायची की नाही, यावर गावात वाद चालू आहे; तो लवकर मिटेल असे तिला वाटत नाही. मी विचारले, "आणि ते दोघे?"

"रोज भांडतात. रंगमंचाच्या मधे कोणी उभे राहायचे, ते अजून ठरलेले नाही."