सवतीला गुंडाळलेलं सूत

आमच्या कॉलेजच्या आवारात एक देऊळ आहे. त्याला विटेची भिंत नाही की कळस नाही. एकच जुना वड आणि त्याच्या पारंब्यांचे दोन रांगांत उभे राहिलेले खांब. वर पानांचं छत. हे सगळं आमच्या ह्यांनी घडवलं. हे वनस्पतिशास्त्र शिकवायचे. उभ्या चिरलेल्या बांबूत ओली माती भरायची, त्यात कोवळी पारंबी सोडायची, बांबू बांधायचा आणि ती जमिनीला टेकेपर्यंत पाणी घालत राहायचं. एकेका पारंबीला वर्षं लागायची. परीक्षेच्या दिवसांत हॉस्टेलच्या मुली तिथे दिवे लावतात. महूहून येणाऱ्या ऑफिसातल्या बाई बुद्धपौर्णिमेला कुटुंबासकट येऊन वंदना म्हणतात. बघणारे म्हणतात, काय शांत वाटतं इथे.

मला तिथे कधीच शांत वाटलं नाही. माझा जळफळाट व्हायचा.

आम्ही क्वार्टरमध्ये राहत होतो, म्हणजे वड दारातच. सकाळचा चहा घेऊन हे तिकडे, संध्याकाळी आल्या पावली तिकडे. माझ्या माहेरच्या लग्नांना ह्यांना रजा मिळायची नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र नवी पारंबी सुटली म्हणून आम्ही कुठेच जायचो नाही. शेजारच्या वहिनी हसून म्हणायच्या, "भाभी, सौत चून की भी बुरी, सवत पिठाची असली तरी वाईटच, तुमची तर एवढी मोठी आहे."

आणि गंमत बघा, वटपौर्णिमेला सात जन्म हाच नवरा मिळावा म्हणून मी सूत गुंडाळायचं ते ह्या सवतीलाच. इंदूरात वड दोनदा पुजला जातो. हिंदी बायका अमावास्येला पुजतात, आम्ही मराठी बायका त्यानंतर पंधरवड्याने पौर्णिमेला. मूळ खोडाभोवती दाटी झाली की बायका सरळ हाताला येईल त्या खांबाला धागा गुंडाळतात. हल्लीचं सूत नावालाच सूत, ते कुजत नाही. कोवळ्या पारंबीला ते फास बसल्यासारखं आवळतं. म्हणून पूजा झाली की दुसऱ्या दिवशी हे कात्री घेऊन निघायचे आणि सगळे धागे कापायचे. त्यात माझाही. मी एकदा म्हटलं, "अहो, निदान माझा तरी राहू द्या." तर म्हणे, "अगं, झाडाला काय कळतं, कोणता तुझा आणि कोणता शेजारच्या मिश्राइनचा?" तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

रिटायर झाल्यावर आम्ही सुदामा नगरात घर घेतलं. तरी हे रोज स्कूटरवर वडाकडे जायचेच. गेल्या वर्षी ह्यांच्या छातीत दुखलं आणि तुकोगंजच्या डॉक्टरांनी स्कूटर बंद केली. खरं सांगते, माझ्या मनात आलं, चला, आता तरी माझ्या वाट्याला येतील. आले, पण गप्प गप्प. खिडकीशी बसायचे आणि अर्धी पोळी टाकून उठायचे.

ह्या वटपौर्णिमेला मी ऑटोने एकटीच गेले. अमावास्येचे धागे तसेच होते, कापायला कोणी आलंच नव्हतं. उत्तरेकडच्या एका कोवळ्या पारंबीत तर धागा सालीत रुतायला लागला होता. मी पाहिलं आणि तिच्यावरच माझंही सूत गुंडाळलं. मुद्दाम. तेवढ्यात हॉस्टेलच्या एका मुलीने विचारलं, "आंटीजी, सर कब आएँगे?" मी पूजेचं ताट उचललं आणि निघाले.

घरी आले तरी तो रुतलेला धागा डोळ्यांपुढून जाईना. न सांगता राहिले असते तर पारंबी वाळली असती आणि ह्यांना कळलंही नसतं. पण ताटावर बसलेल्या ह्यांचा चेहरा पाहिला आणि सांगून टाकलं. हे ताठ बसले. "कोणती? उत्तरेची तिसरी? पक्का? उद्या मला घेऊन चल." बोलता बोलता दोन पोळ्या खाल्ल्या. माझ्या हातच्या जेवणाने जे झालं नाही ते त्या पारंबीच्या नावाने झालं, आणि ह्याचाही मला रागच आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. ह्यांना वाकवेना. कात्री माझ्या हातात दिली आणि तोल जाऊ नये म्हणून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हळू. साल दुखवू नकोस. एक एक पदर काप." आधी माझंच सूत कापावं लागलं, कारण ते सगळ्यांत वर होतं. मग खालचे धागे. ह्यांचं सगळं लक्ष त्या पारंबीकडे होतं आणि हात माझ्या खांद्यावर. एवढा वेळ तो हात तिथे कधी राहिला होता, मला आठवेना.

धागे थोडेच उरले होते. मी सावकाश कापत राहिले.